बागलाणची शिखरं : आधी खिंड गाठा, मग माथा

रविवारी कळसूबाईच्या लोखंडी शिड्यांवर रांग लागलेली असते, तेव्हा राज्यातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या उंच शिखरावर अनेकदा चिटपाखरूही नसतं. हे शिखर म्हणजे नाशिक जिल्ह्याच्या बागलाण तालुक्यातला साल्हेर. कळसूबाई १६४६ मीटर, साल्हेर १५६७. सह्याद्रीतला सर्वांत उंच किल्लाही तोच. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले, त्यात साल्हेरचं नाव आहे, त्यामुळे तिथली वर्दळ वाढणार हे उघड आहे. पण त्याला खेटून उभा असलेला सालोटा आणि पूर्वेकडचे मुल्हेर, मोरा, हरगड यांच्याकडे अजून मोजकेच पाय वळतात. या पाच माथ्यांवर कसं पोचायचं, कुठून चढायचं आणि कुठे सावध राहायचं, एवढंच इथे सांगतो.

हे पाचही डोंगर डोलबारी रांगेतले. उत्तरेला तिला जोडून सेलबारी रांग आहे, तिच्यावर मांगी-तुंगी, न्हावीगड, तांबोळ्या. मांगी-तुंगीचे जुळे सुळके या भागात बऱ्याच ठिकाणांहून ओळखू येतात. नवख्या माणसाने पहिल्या दिवशीच ते नीट डोळ्यांत भरून घ्यावेत. वाट हरवली की दिशा सांगायला तेच उपयोगी पडतात.

डोंगराची ठेवण समजून घ्या

सह्याद्री लाव्ह्याच्या थरांचा बनलेला आहे, हे शाळेत शिकलेलं असतं. चढताना त्याचा अर्थ असा होतो की उतार सलग नसतो. आधी झाडीचा तिरका उतार, मग सपाट पदर, मग उभा कातळ, पुन्हा पदर, पुन्हा कातळ. बागलाणात तर माथ्याभोवतीची कातळाची कडी इतकी स्पष्ट आहे की लांबून बघणाऱ्याला वर जायला वाटच नसेल असं वाटतं. नैसर्गिक वाट खरोखरच कमी आहे. जी आहे ती माणसांनी छिन्नीने खोदून काढलेली, आणि ती खोदताना त्यांनी जागा निवडली ती दोन डोंगरांमधल्या खिंडीची. तिथे धार झिजून खाली आलेली असते, खिंडीपर्यंत चालत जाता येतं आणि वरचा कडाही तिथूनच सर्वांत सोपा फुटतो.

म्हणून माझं सांगणं एकच असतं : बागलाणात शिखराकडे बघून चालू नका. माथ्यावर नजर लावून सरळ चढणारा माणूस दोन तासांनी कड्याच्या पोटाशी येऊन उभा राहतो आणि मग कड्याला वळसा घालत कारवीतून वाट शोधत बसतो. खिंड शोधा, खिंड गाठा. शिवाय एका खिंडीतून दोन माथे मिळतात. साल्हेर-सालोटा खिंड, मुल्हेर-हरगड खिंड आणि मुल्हेर-मोरा खिंड, या तीन जागा पक्क्या झाल्या की पाचही शिखरांचा मार्ग आखून झाला.

घरी बसून करायची तयारी

मोबाइलवरचा रोजच्या वापराचा नकाशा गावापर्यंत नेतो, पुढे तो कामाचा नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे घ्या. विभागाच्या पोर्टलवरून ते उतरवून घेता येतात. त्यावर समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, २० मीटरच्या अंतराने असतात आणि दर पाचवी रेषा ठळक असते, म्हणजे ठळक रेषा मोजल्या की शंभर-शंभर मीटर मोजले जातात. रेषा एकमेकींना चिकटल्या की तिथे कडा समजा. समोरासमोरच्या दोन डोंगरांच्या रेषा जिथे कंबरेसारख्या आत येतात, ती खिंड. पेन्सिलीने तिच्यावर गोल करा आणि तिथून गावापर्यंत डोंगराची कोणती सोंड (खाली उतरत जाणारी धार) उतरते ते बघा. वाट नव्वद टक्के त्याच सोंडेवर असते.

एक बारीक गोष्ट : ७४ अंश पूर्व रेखांश साल्हेर आणि मुल्हेर यांच्या मधून जातो, त्यामुळे जुन्या मांडणीच्या नकाशांत हे दोन किल्ले दोन वेगळ्या शीटवर येतात. एकच शीट घेऊन निघालात तर अर्धी मोहीम कागदाबाहेर राहील.

वेळेचा अंदाज काढायला नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाचा १८९२ सालचा आडाखा अजूनही बरा आहे. दर पाच किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. पण तो चांगल्या पायवाटेचा हिशेब आहे. बागलाणातला घसारा (पायाखालून निसटणारा मुरूम), गुडघाभर उंच पायऱ्या आणि पाठीवरची सॅक धरून मी त्याची दीडपट करतो. गटात नवखे असतील तर दुप्पट. उतरायला कमी वेळ लागेल असं इथे गृहीत धरू नका. घसाऱ्यावर उतरायलाही चढण्याइतकाच वेळ जातो.

दुसऱ्यांच्या जीपीएस नोंदी मिळाल्या तर जरूर घ्या, पण त्या कोणत्या महिन्यातल्या आहेत ते तपासा. ऑक्टोबरात उंच गवतातून गेलेला ट्रॅक आणि फेब्रुवारीतला ट्रॅक यांत कधी कधी अख्ख्या सोंडेचा फरक पडतो, कारण गवतात माणूस वाट सोडून ढोरवाटेला लागतो.

कधी जायचं

ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत. पावसाळ्यात हा भाग देखणा असतो यात वाद नाही, पण खोदीव पायऱ्यांवर शेवाळ धरतं, ढगात खिंड दिसत नाही आणि सालोट्यासारख्या ठिकाणी चूक करायला जागाच नाही. मार्चनंतर ऊन बेकार होतं. डोंगर उघडे आहेत, सावली गुहेत किंवा दरवाज्याच्या कमानीखाली तेवढी मिळते. त्यातही साल्हेरची वाघांबे गावाकडची बाजू पूर्वेकडची, म्हणून सकाळचं ऊन थेट पाठीवर घेते. थंडीतही सहाच्या आसपास पायथा सोडलेला बरा.

पायथ्यापर्यंत

नाशिकहून सटाणा साधारण ९० किलोमीटर. रेल्वेने येणाऱ्यांना मनमाड सोयीचं, तिथून मालेगावमार्गे सटाणा. सटाण्याला एसटीचा डेपो आहे, आणि बाजारहाट, औषधं, एटीएम, जे काही हवं ते इथेच उरका. सटाण्याहून उत्तरेला ताहराबाद, आणि ताहराबादहून पश्चिमेला मोसम नदीच्या खोऱ्यातून मुल्हेर गाव. पुढे हरणबारी धरणाच्या भागातून रस्ता साल्हेरकडे जातो.

एसटी ताहराबादपर्यंत भरवशाची. पुढे गाड्या विरळ होत जातात, आणि वाघांबे, साल्हेरवाडीसारख्या गावांना जाणारी गाडी चुकली की दिवस गेला. चार-सहा जण असाल तर ताहराबादहून जीप ठरवा. ठरवताना न्यायचं आणि आणायचं दोन्हीचं एकदमच बोला, कारण तुम्ही चढणार एका गावातून आणि उतरणार दुसऱ्या गावात, ही शक्यता मोठी आहे.

मुल्हेर, मोरा, हरगड

पहिल्यांदा येणाऱ्याने साल्हेरने सुरुवात करू नये, असं माझं मत आहे. मुल्हेरपासून करावी. इथली वाट रुंद, पाण्याची चणचण कमी आणि चुकलात तरी फार बिघडत नाही.

मुल्हेर गावातून पायथ्याच्या मुल्हेरवाडीकडे निघालं की तिन्ही डोंगर एका ओळीत समोर येतात : मधे मुल्हेर, डावीकडे मोरा, उजवीकडे हरगड. दोन्ही खिंडी इथूनच दिसतात, त्यामुळे मघाचा नकाशा काढून समोरच्या डोंगरांशी ताडून बघायला यापेक्षा चांगली जागा नाही. मळलेली वाट दरवाजे ओलांडून माचीवर नेते. माचीवर तळ्याकाठी गणेशाचं मंदिर आहे आणि पुढे झाडीत सोमेश्वराचं. गावापासून गणेश मंदिरापर्यंत दीड-दोन तास धरा. मुक्काम करायचा तर या मंदिरांच्या परिसरातच, आणि तो कुठे करावा हे आधी गावात विचारून.

१६३८ मध्ये मोगलांनी बागलाण घेईपर्यंत मुल्हेर ही बागुल राजांची राजधानी होती. माचीचा पसारा बघितला की ते पटतं. झाडीत जोती, भिंती, कोरीव दगड विखुरलेले आहेत. याच पसाऱ्यात वाटा फुटतात आणि लोक हमखास फिरत बसतात. उपाय साधा आहे : दर फाट्यावर स्वतःला विचारा, ही वाट मला खिंडीच्या बाजूला नेते का? नेत नसेल तर ती एखाद्या पडक्या वाड्याकडे जाते.

माचीवरून बालेकिल्ल्यावर जायला तासभर. वर राजवाड्याचे अवशेष, ओळीने खोदलेली नऊ टाकी आणि भडंगनाथाचं मंदिर. मोऱ्याची वाट या मंदिराच्या पुढे, बालेकिल्ल्याच्या टोकाकडून सुटते. तिथून दरवाज्यातून मुल्हेर-मोरा खिंडीत उतरायचं आणि समोरच्या पायऱ्यांनी मोऱ्यावर चढायचं. अंतर थोडं, पण खिंडीत उतरताना पायाखाली घसारा आहे. मोरा बघून त्याच वाटेने परत या. खिंडीतून खाली उतरणाऱ्या पुसट वाटा दिसतील. त्या गुराख्यांच्या आहेत. पाठीवर मोठी सॅक असेल तर त्या फंदात पडू नका.

हरगड दुसऱ्या बाजूला. सोमेश्वर मंदिराकडून निघालेली वाट मुल्हेर-हरगड खिंडीत जाते, खिंडीतून पलीकडे चढून दरवाज्यातून माथ्यावर. माथा मोठा आणि मोकळा, त्यावर एक भलीमोठी तोफ पडलेली आहे. ती शोधण्यात अर्धा तास जातोच, तो हिशेबात धरा. हरगडावर गवत माजलेलं असतं आणि वाट तीन गडांमध्ये सर्वांत पुसट इथेच, म्हणून गावातला माणूस बरोबर घ्यायचा असेल तर हरगडासाठी घ्या. तिन्ही गड एका दिवसात करणारे लोक आहेत. पाय तयार असतील तर होतात, पण मग बघणं होत नाही. माचीवर मुक्काम ठेवून पहिल्या दिवशी मुल्हेर-मोरा आणि दुसऱ्या सकाळी हरगड, असं केलं की दुपारी जेवून साल्हेरच्या पायथ्याला पोचता येतं.

सालोटा आणि साल्हेर

साल्हेरला दोन वाटा. साल्हेरवाडीकडून थेट चढणारी, एकापाठोपाठ एक दरवाजे ओलांडत जाणारी वाट ही गडाची राजवाट म्हणावी अशी आहे. फक्त साल्हेर बघायचा असेल तर तीन तासांत माथा, वाट चुकण्याची भीती नाही. दोन्ही शिखरं हवी असतील तर मात्र वाघांब्याहून चढा आणि साल्हेरवाडीला उतरा.

वाघांब्याहून साल्हेर-सालोटा खिंड दीड-दोन तासांवर. खिंडीच्या पूर्वेला सालोटा, पश्चिमेला साल्हेर. आधी सालोटा करा. पाय ताजे असतात, उन्हाचा जोर चढलेला नसतो, आणि सालोट्यावरून परत खिंडीतच यायचं असल्यामुळे सॅक खाली ठेवून हलक्या पाठीने जाता येतं. सॅकजवळ एक माणूस बसवा किंवा खाण्याची पिशवी बरोबर न्या. माकडांना चेन उघडता येत नाही असं समजू नका.

सालोट्याची अडचण कातळात नाही, कातळावर पसरलेल्या मुरमात आहे. खडकावर भुरभुरीत खडी म्हणजे बेअरिंगच्या गोळ्यांवर पाय ठेवण्यासारखं. अशा ठिकाणी पूर्ण तळवा टेकवा, टाचेवर भार देऊ नका, पावलं आखूड ठेवा. डोंगराकडचा हात मोकळा असू द्या, पण गवताचा झुबका धरू नका, तो मुळासकट हातात येतो. पुढच्याला आणि मागच्याला एका रेषेत ठेवू नका. वरून सुटलेला दगड खालच्याच्या डोक्यात बसतो. दगड सुटलाच तर लाजू नका, 'दगड!' म्हणून जोरात ओरडा.

मग खोदीव पायऱ्या लागतात. काही पायऱ्या इतक्या उंच की गुडघा छातीजवळ येतो. मधोमध झिजून त्यांना उतार आलाय, म्हणून पाय कडेला, भिंतीच्या बाजूला ठेवा आणि पाऊल थोडं आडवं टाका. चढताना हे सहज होतं. उतरताना ज्याला दरी बघून गरगरतं त्याने सरळ डोंगराकडे तोंड करावं आणि शिडी उतरावी तसं एकेक पाय खाली सोडावा. यात कमीपणा काही नाही, अनुभवी लोकही करतात. गटात नवखे असतील तर वीस-पंचवीस मीटरचा दोर आणि तो लावता येणारा एक माणूस बरोबर हवा. दोर आहे पण बांधायचा कसा हे कुणालाच माहीत नाही, अशा गटाने दोर नेऊ नये, उगाच धीर येतो.

खिंडीपासून सालोट्याचा माथा तास-दीड तासाचा. वर खोदीव टाकी आणि गुहा आहेत, पण पिण्याच्या पाण्यासाठी त्यांच्यावर विसंबू नका. इथला खरा मोबदला म्हणजे समोर दिसणारा साल्हेर. खिंडीतून वर गेलेल्या पायऱ्या, दरवाजे, कड्याच्या पोटातून आडवी जाणारी वाट, सगळा पुढचा मार्ग समोर उभा असतो. तो इथेच बसून पाठ करा.

खिंडीत परत आल्यावर साल्हेरच्या पायऱ्या सुरू होतात. दरवाजे ओलांडले की वाट कड्याला बिलगून आडवी जाते. एका बाजूला खोदीव गुहा, दुसऱ्या बाजूला दरी. वाट पुरेशी रुंद आहे, घाबरण्याचं कारण नाही, फक्त मोबाइलवर चित्रीकरण करत चालू नका. आडवी वाट संपली की वरचं पठार. तिथे गंगासागर तलाव, रेणुकेचं मंदिर आणि मुक्काम करण्याजोगी गुहा आहे. पठारावरून शेवटची चढण परशुराम मंदिराकडे, तोच १५६७ मीटरचा माथा. परशुरामाने इथून बाण सोडून समुद्र मागे हटवला अशी कथा आहे. माथा एवढासा आहे, एका वेळी पाच-सात माणसं बसतील इतका. हवा स्वच्छ असली की दक्षिणेला सातमाळा रांगेचे माथे दिसतात. खाली दिसणाऱ्या सपाटीवर फेब्रुवारी १६७२ मध्ये मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजर यांच्या फौजांनी मोगलांना खुल्या मैदानात हरवलं. सूर्यराव काकडे त्या लढाईत पडले. उंचीवरून ते मैदान बघितलं की फौजा कुठून कुठे सरकल्या असतील याची कल्पना येते, आणि त्यासाठी तरी वर थोडा जास्त वेळ काढावा.

उतरायला साल्हेरवाडीची वाट. दुपारी दोनला माथा सोडला तर उजेडात गाव लागतं.

पाणी, मधमाश्या आणि बाकीचं

माणशी तीन लिटर पाणी पायथ्यावरून भरून घ्या. टाक्यातलं पाणी घ्यायचं तर झाकलेल्या, सावलीतल्या टाक्याचं, फडक्याने गाळून आणि शक्यतो उकळून किंवा क्लोरीनची गोळी टाकून. ऑक्टोबरातलं काठोकाठ टाकं फेब्रुवारीत हिरवं झालेलं असतं. टाक्यात पाय घालून बसणाऱ्याला मागच्या माणसाचा विचार नसतो, अशांना स्पष्ट बोला.

सापांपेक्षा मला जास्त धास्ती आग्या मोहोळाची वाटते. कड्यांना, गुहांच्या छताला, दरवाज्यांच्या वर पोळी लटकलेली असतात. अत्तर, डिओ लावून येऊ नका. पोळं दिसलं की बोलणं बंद, धूर नाही, फ्लॅश नाही, एकेकाने शांतपणे पुढे सरकायचं. माश्या उठल्याच तर हात झटकू नका. तोंड-मान जाड कापडाने झाका आणि तिथून दूर व्हा, पण कड्याच्या काठाने पळू नका. जाड चादर किंवा फुल बाह्यांचा शर्ट सॅकमध्ये सर्वांत वर ठेवा, तळाशी नाही.

साप चावला तर चिरणं, चोखणं, दोरी आवळणं यातलं काहीही न करता तो हात किंवा पाय हलू न देता माणसाला खाली आणायचं आणि सटाण्याच्या दिशेने निघायचं. १०८ ला फोन लागेल तिथून करा. खिंडीत आणि माथ्यावर नेटवर्क मिळण्याची शक्यता जास्त, माचीच्या झाडीत कमी. महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटरचा हेल्पलाइन क्रमांक घरूनच फोनमध्ये साठवा, आणि कोणत्या गावातून चढून कोणत्या गावात, किती वाजेपर्यंत उतरणार हे घरी लिहून ठेवा.

साल्हेर राज्य संरक्षित स्मारक आहे. वर चूल पेटवायची नाही, तटाचे दगड हलवायचे नाहीत. ड्रोन उडवायचा असेल तर परवानगी हातात असल्याशिवाय तो काढूच नका.

गावात वाट कशी विचारायची

इकडे घरात अहिराणी आणि कोकणी (इथल्या कोकणा आदिवासींची बोली, कोकणातली नव्हे) चालते, पण मराठी सगळ्यांना कळते. विचारणाऱ्याचा प्रश्न मात्र बऱ्याचदा चुकतो. 'वर वाट आहे का?' याचं उत्तर नेहमी 'आहे की' असंच येतं, कारण त्या माणसाला ती आहेच. त्याऐवजी विचारा, 'मामा, तुमची गुरं वर कुठपर्यंत जातात?' गुरं जिथपर्यंत जातात तिथपर्यंत सॅक घेतलेला माणूस जातोच. मग, 'त्याच्या पुढं कोण जातं?' मधवाला जातो म्हणाले तर तुम्ही जाऊ नका. यात्रेला बायामाणसं जातात म्हणाले तर निर्धास्त जा. तिसरा प्रश्न पाण्याचा, 'या महिन्यात शेवटचं पाणी कुठं?' आणि चौथा, पावसात कुठे दरड उतरलीय का. हे चार प्रश्न दोन वेगवेगळ्या घरी विचारा. उत्तरं जुळली तर वाट पक्की.

वाटाड्या घेतलात तर पैसे निघण्याआधी बोलून घ्या आणि त्याचा डबा, त्याचं पाणी तुमच्याकडून. जेवण सांगायचं असेल तर आदल्या संध्याकाळी किती माणसं, किती वाजता हे नक्की करा. बाजार ताहराबादला असतो, दुपारी अचानक वीस भाकरी मागितल्या तर घरातल्या बाईला पीठ उसनं आणावं लागतं. ठरवलेल्या वेळी उतरणं जमणार नसेल तर जीपवाल्याला माथ्यावरूनच फोन करून ठेवा. साल्हेरवाडीत संध्याकाळनंतर दुसरी गाडी मिळेलच असं नाही.